रविवारची साक्ष

बटण उजव्या बाहीचं होतं आणि एकाच दोऱ्यावर लटकत होतं. पुढच्या बाकावरचा तो हात गीतपुस्तकाचं पान उलटायला वर गेला की बटण खाली झुकायचं, हात खाली आला की पुन्हा बाहीला चिकटायचं, जसं काही झालंच नाही – आणि तिला वाटत होतं, आता पडेल, या कडव्याला नाही तर पुढच्या कडव्याला नक्की. कपडे दुरुस्तीच्या दुकानात इतकी वर्षं काढल्यावर माणसाचा चेहरा आधी दिसत नाही, शिवण दिसते. चार भोकांच्या बटणाला कोणीतरी दोनच भोकांतून दोरा घालून वेळ मारून नेली होती. वेळ मारून नेणाऱ्यांचं बरं चाललेलं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि उपासनेत बसून असलं काही मनात येतं म्हणून तिने मान खाली घातली. नजर मात्र बटणावरच राहिली.

कोट वडिलांचा होता. तिच्या वडिलांचा नव्हे – चर्चच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना वडील म्हणतात, आणि हा माणूस तिच्या नवऱ्याहून वयाने चांगला लहान असूनही ती दोघं त्याला वडील म्हणत आली होती. लिफ्टच्या कंपनीत तो नवऱ्याचा सुपरवायझर. आठवडाभर साहेब आणि रविवारी वडील, आपली काही सुटका नाही बुवा, असं नवरा पूर्वी हसत म्हणायचा. पूर्वी. आता तो हसत नाही, आणि चर्चला तर येतच नाही.

कारण एका इमारतीतली लिफ्ट कोसळली होती. तिची देखभाल नवऱ्याकडे होती, आणि ब्रेक झिजलेला होता. आत झाडलोट करणारी एक बाई होती, हातात बादली घेऊन वर निघालेली. ती गेली. नवरा म्हणतो, मी त्याच सकाळी वडिलांना सांगितलं होतं, ब्रेक गेलाय, लिफ्ट बंद ठेवा. ते म्हणाले, चालू दे आजचा दिवस, बघू. वडील म्हणतात, मला कोणी काही सांगितलं नाही. कंपनीत असलं काही लेखी द्यायचं आणि सही घ्यायची असा नियम, आणि नवऱ्याने एरवी तो कधी मोडला नव्हता. परका साहेब असता तर सही घेतल्याशिवाय तो जागचा हलला नसता. पण इथे साहेब म्हणजे मंडळीतला भाऊ… प्रभुभोजनाला ज्याच्या शेजारी गुडघे टेकायचे त्याच्याकडे कागद पुढे करून सही कशी मागायची? नाही मागितली. आता खटला नवऱ्यावर, निकाल गुरुवारी, आणि वकिलाने काल सांगून टाकलं होतं की घरच्यांनी मनाची तयारी ठेवलेली बरी. तुरुंग हा शब्द त्याने उच्चारला नाही. वकीलही सुपरवायझरसारखेच, तिला वाटलं, नको ते तोंडातून काढत नाहीत.

गीत संपलं. पाळकसाहेबांनी नेहमीच्या मऊ आवाजात विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का. प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून चारचौघांत सांगायचं, याला इथे साक्ष म्हणतात. आणि वडील उभे राहिले.

ते छान बोलले. ते नेहमीच छान बोलतात. मोठ्या परीक्षेतून गेलो, म्हणाले, नको तो आळ आला, झोप उडाली, पण प्रभूने हात सोडला नाही, आणि परवा परक्या माणसांसमोर उभं राहायची वेळ आली तेव्हा त्यानेच तोंडात शब्द दिले. तिने कान टवकारले. परवा… म्हणजे कोर्टात. तिथेही यांनी साक्षच दिली होती, तेव्हाही हाच कोट, हाच आवाज. एकच शब्द, इकडे एक अर्थ आणि तिकडे एक, आणि हा माणूस दोन खोल्यांमधल्या दारातून ये-जा करावी तसा इकडून तिकडे जातोय, आणि कोणालाच काही खटकत नाही? की सगळ्यांना खटकतंय आणि सगळे तोंडं मिटून बसलेत? बोलणं संपलं, प्रभूची स्तुती असो म्हणून झालं, आणि सगळी मंडळी एका आवाजात आमेन म्हणाली.

मीही म्हटलं. मोठ्याने म्हटलं. लहानपणापासून तोंडाला लागलेली सवय, प्रार्थनेचा सूर खाली आला की ओठ आपोआप उघडतात, ऐकायचं राहूनच जातं… पण म्हणजे आजवर मी कशाकशाला आमेन म्हणत आले?

उपासनेनंतर बाहेर पडताना पाळकसाहेबांच्या बायकोने तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली की आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतो आहोत. काय प्रार्थना, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. नवरा सुटावा म्हणून? की गेलाच आत तर आम्हाला सोसायचं बळ मिळावं म्हणून? 'तुमच्यासाठी' हे कोणालाही होणाऱ्या ढगळ झग्यासारखं आहे, कुठेच घट्ट बसत नाही. दाराशी बोलत उभ्या असलेल्या दोघीजणी ती जवळ येताच हवेबद्दल बोलायला लागल्या. हवेत बोलण्यासारखं काही नव्हतं.

मग वडील स्वतःच आले. "बहीण, मनात काही ठेवू नका," ते म्हणाले.

मनात काय काय होतं. रात्र रात्र जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एक जरी आलं असतं तरी पुरलं असतं. ती म्हणाली, "तुमचं बटण पडेल."

त्यांनी बाहीकडे पाहिलंच नाही. हो हो म्हणत हसले आणि पुढच्या माणसाकडे वळले. रस्त्याला लागल्यावर तिला स्वतःचा असा राग आला की पाय भराभर पडायला लागले. आणि कोपऱ्यावर एकदम लक्षात आलं – मी त्यांना वेळेवर सांगितलं. तोंडी. उद्या बटण हरवलं तर म्हणतील, मला कोणी काही सांगितलं नाही, आणि खोटं बोलतोय असं त्यांना वाटणारही नाही, कारण खरोखरच ऐकलेलं नसेल. हा विचार तिला मुळीच आवडला नाही. तो वडिलांना फार स्वस्तात सोडवत होता.

ज्या दिवशी लिफ्ट पडली त्या दिवसापासून तिची प्रार्थना एकच होती – प्रभू, सत्य बाहेर येऊ दे. नवऱ्याला वाचव असंही ती म्हणाली नव्हती. तेवढं मागणं तिला हावरटपणाचं वाटलं होतं. नुसतं सत्य. त्याला काय कठीण? त्या सकाळी जिन्याच्या तोंडाशी नवरा आणि वडील दोघंच बोलले, तिसरं माणूस नव्हतं, पण प्रभू तर होताच की. तो सगळीकडे असतो असं आपणच शिकवतो ना मुलांना? मग एकाने तरी खोटं बोललेलं त्याने ऐकलंय, आणि गप्प आहे. पाळकसाहेब म्हणतात, थांबा. थांबायला काय, दुकानात गिऱ्हाइकंही थांबतात, पण त्यांना निदान कपडे कधी मिळतील ते सांगावं लागतं. ज्याने सगळं पाहिलं आणि तोंड उघडलं नाही अशा माणसाला आपण काय म्हणतो? ती दचकली, पण विचार मागे घेतला नाही.

घरी नवरा तिच्या शिलाई मशीनला तेल देत बसला होता. काम सुटल्यापासून दर रविवारी ती परत येईपर्यंत तो ते मशीन उघडतो, पुसतो, पुन्हा लावतो. मशीनला काहीही झालेलं नसतं.

"आज वडिलांनी साक्ष दिली," ती म्हणाली.

"तिथेही? तीच, की दुसरी?"

"सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीसुद्धा."

तिला वाटलं, आता तो तेलाची बाटली भिंतीवर भिरकावेल. तिची तशी इच्छाच होती म्हणा ना. पण त्याने बाटलीचं झाकण नीट लावलं आणि म्हणाला की तू तरी काय करणार, तोंडातून जातं. इतक्या समजुतीने म्हणाला की तिच्या मनात पाल चुकचुकली. ज्याच्यावर अन्याय झाला तो एवढा समजूतदार कसा? आणि मग ते आलंच, जे ती इतके महिने मागे ढकलत होती. लिफ्ट पडली त्या संध्याकाळी तो म्हणाला होता, वडील बुटाची नाडी बांधत होते, वर न बघताच चालू दे म्हणाले. कोर्टात मात्र म्हणाला, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. एवढंच. वकिलाने सुचवलं असेल. भीतीने माणूस गोंधळतो. पण एकदा उसवून पुन्हा घातलेली शिवण तिच्या हाताला लगेच कळते, जुनी भोकं राहतातच.

"ते नाडी बांधत होते," तिने विचारलं, "की तुमच्याकडे बघत होते?"

त्याने फडक्याने बोटं पुसली. "आधी बांधत होते. मग बघितलं."

"मग तुम्ही सांगितलंत कधी?"

"आता तूही उलटतपासणी घे." आणि मग, अगदी हळू, "देव साक्षी आहे."

हे त्यांच्या घरात कधी कोणी म्हणत नव्हतं. होय म्हणजे होय, त्याला शपथेचा टेकू लागत नाही, असं तोच मुलांना सांगायचा. आणि परवा कोर्टात हात वर करून वडीलही अगदी हेच म्हणाले होते. दोघांचाही साक्षीदार तोच.

जेवण वाढायचं सोडून ती आतल्या खोलीत गेली, दार लोटलं आणि खाटेच्या कडेला गुडघे टेकले. प्रभू, सत्य… एवढं झालं आणि शब्द अडला. बादली घेऊन वर निघालेली ती बाई तिच्यासमोर उभी राहिली. इतक्या प्रार्थनांत तिचं नाव एकदाही आलं नव्हतं. ना चर्चमधल्या, ना माझ्या. तिचीही कोणी बहीण असेल, आई असेल, तीही कुठेतरी हेच मागत असेल, सत्य बाहेर येऊ दे म्हणून, आणि तिला ते कोणाच्याही तोंडचं चालेल. मला नाही चालणार. मी सत्य मागत नव्हतेच कधी, मी माझ्या नवऱ्याचा शब्द मागत होते, देवाच्या सहीने. आणि समजा, त्या सकाळी जिन्याच्या तोंडाशी कोणीच काही बोललं नसेल… घाई असेल, उद्या सांगू म्हणून राहून गेलं असेल… आणि देव गप्प आहे तो मला विसरला म्हणून नव्हे, तर…

बाहेर नवऱ्याने मशीन चालवून पाहिलं. काही न शिवता सुई नुसतीच वरखाली होत राहिली आणि मग थांबली. हाक आली, "हलकं झालंय बघ." हा आवाज तिला इतका ओळखीचा, इतका आपला वाटला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

तिने हात घट्ट जुळवले. काही बोलू नकोस, ती म्हणाली. गुरुवारपर्यंत नको, नंतरही नको. तुला जे माहीत आहे ते तुझ्यापाशीच ठेव.

मग तिने श्वास रोखून वाट पाहिली. खोलीत कुठेच काही हललं नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिने जे मागितलं ते तिला तिथल्या तिथे मिळालं, आणि कोणीतरी शेजारी बसून ऐकतंय याची तिला इतकी खात्री पटली की मान वर करायची तिची हिंमत झाली नाही.