हिरवी खूण

हयात कापड बेतण्यात गेली म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. म्हातारपणी कंपवाताने गाठलं. गोळी वेळेवर पोटात गेली तर मास्तर चालतेबोलते. नाही तर पाय जमिनीला खिळलेच म्हणून समजा.

म्हणून लेकीने फोनमध्ये ॲप घालून दिलं होतं. वेळ झाली की ते वाजायचं. गोळी घेऊन बटण दाबलं की तिकडे लेकीच्या फोनवर हिरवी खूण दिसायची. नाही दाबलं, तर तिला निरोप जायचा. एकदा दाबायचं राहिलं, तर बिचारी दुकानातलं गिऱ्हाईक तसंच सोडून धापा टाकत घरी आली. मास्तर ओशाळले. बायकोला म्हणाले, "हे कार्टं वाजलं की आधी दाबून टाकत जा. गोळी काय, मी घेतोच की." नको तिथे शहाणपण सुचतं, ते असं.

आज ते गोळीआधीच आंघोळीला गेले. गरम पाण्याचा नळ सोडला आणि अंग आखडलं. पाय हलेनात, बोटांना नळ फिरवता येईना. बादली भरून वाहू लागली, कढत पाणी तळपाय पोळू लागलं. "अगं!" ते ओरडले, पण आवाज घशातच विरला, उरलासुरला नळाच्या धारेत बुडाला. मास्तर आयुष्यात इतके घाबरले नव्हते.

बाहेर फोन वाजला आणि त्यांच्या जिवात जीव आला. वाजू दे. असाच वाजत राहू दे. लेकीला निरोप जाईल, ती आईला फोन करेल, आई दार ढकलेल. कडी ते लावतच नसत.

"दाबू नकोस," ते पुटपुटले. "बाई गं, आज तेवढं दाबू नकोस."

स्वयंपाकघरातून सपातांचा आवाज आला. फोन गप्प झाला.

"अहो, गोळी टेबलावर ठेवलीय हं!"

मास्तरांच्या ओठांतून नुसती हवा आली. आता गुडघे वाकू लागले होते. खाली वाफाळतं पाणी साचलं होतं आणि धरायला तापलेल्या नळाशिवाय काही नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. खूण पाहून लेकीने कौतुकाने केला होता.

"हो गं, घेतली त्यांनी," बायको बेधडक म्हणाली. पोरीच्या जिवाला घोर नको ना! "आंघोळ चाललीय. किती दिवसांनी एवढी निवांत करतायत. छे, हाक कशाला मारू? करू देत मनसोक्त."