वाकून नमस्कार करणारं यान

मुलांनो, जरा डोळे मिटा बघू. समजा, तुमच्यासमोर पुठ्ठ्याचा एक खोका आहे. वरून अगदी साधा, ना चित्र ना रंग. झाकण काढलंत की आत सायीच्या रंगाचे रेझिनचे तुकडे दिसतात. काही तळहाताएवढे, काही तांदळाच्या दाण्याएवढे. एका छोट्या पिशवीत धातूचे भाग आहेत, इंजिनांची तीन नळकांडी आणि जमिनीवर टेकायचे तीन पाय. या सगळ्याचं मिळून एक अवकाशयान व्हायचं आहे, आणि ते तुम्हीच करायचं आहे. आलं डोळ्यांसमोर? मग आता डोळे उघडा. शिमिझू शहरातल्या कोझुए नावाच्या मुलीपुढे अगदी असाच खोका होता, आणि तिला भारी घाई झाली होती.

खोका दिला होता शेजारच्या तोकिए आजींनी. आजींनी सारा जन्म मॉडेलच्या कारखान्यात साचे करण्यात घालवला होता. काम सुटलं तरी हाताची सवय सुटेना, म्हणून त्यांच्या गॅरेजमध्ये गाडीऐवजी रबराचे साचे असत. तिथे त्यांनी स्वतःच्या मनातलं एक यान घडवलं होतं. त्याचं नाव ‘हिबारी’, म्हणजे चंडोल. प्रत्येक ओतणीगणिक साचा झिजत गेला आणि शेवटचं यान बाहेर निघताना फाटलाच. तेच शेवटचं यान आता कोझुएच्या पुढ्यात होतं.

“मोडलंस तर दुसरं मागायला येऊ नकोस गं,” आजी म्हणाल्या, “दुसरं नाहीच. आणि रविवारी सभागृहात आमच्या मॉडेल मंडळाचं प्रदर्शन आहे. मोठ्यांच्या टेबलावर तुझ्यासाठी जागा ठेवलीय.”

“मोठ्यांच्या?” कोझुए खुर्चीवरून उठलीच.

“हो, मोठ्यांच्या. पण तिथला नियम ठाऊक आहे ना? यान आपल्या हातांनी केलेलं हवं आणि आपल्या पायांवर उभं हवं. टेकू चालायचा नाही.”

दुसऱ्या दिवसापासून कोझुए शाळेतून आली की थेट गॅरेजमध्ये जाऊ लागली. आजी शेजारच्या टेबलावर आपलं काम करत. विचारलं तर सांगत, न विचारलं तर गप्प बसत. आधी सगळे तुकडे भांडी घासायच्या साबणाने आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने धुवायचे, कारण साच्याचं तेल राहिलं की रंग सालपटासारखा निघून येतो. मग धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क लावून, खडबडीत कडा पाण्यात बुडवून पॉलिशपेपरने घासायच्या. एक पंख तर वाळलेल्या पानासारखा वाकडा होता. कोझुएचा चेहरा पडला.

“टाक त्याला गरम पाण्यात,” आजी म्हणाल्या.

पाण्यात पंख उकडलेल्या नूडलसारखा मऊ पडला. कोझुएने तो चिमट्याने काढला, काचेवर दाबून सरळ केला आणि गार पाण्यात बुडवला. पंख ताठ झाला! ती इतकी हसली की तिच्या मास्कवर वाफ धरली.

आता राहिली चिकटवाचिकटवी. इथेच आजींनी एकदा मान वर केली.

“कच्ची जुळणी केलीस? पायांवर उभं करून पाहिलंस?”

गोंदाची बाटली कोझुएच्या हातात होती. झाकणही उघडलेलं होतं. आधी चिकटपट्टीने सगळे भाग तात्पुरते जोडा, मग उभं करा, मग परत सोडवा, एवढा धीर कोणाला? तिच्या तोंडून निघून गेलं, “हो, पाहिलं.”

आजींनी मान डोलावली आणि त्या पुन्हा आपल्या कामाला लागल्या.

मग धड जोडून झालं, मागे इंजिनं बसली. करडा रंग चढला, पंखांवर नारिंगी पट्टे आले. शनिवारी सकाळी कोझुएने घरी, आपल्या टेबलावर, शेवटी पाय चिकटवले. दोन पोटाखाली, एक शेपटीखाली. गोंद वाळल्यावर तिने श्वास रोखून यान उभं केलं आणि हात सोडला.

हिबारीने सावकाश नाक खाली केलं आणि टेबलाला टेकवलं. टक्!

नेमका त्याच वेळी तिचा मामेभाऊ रेन्तारो संत्र्यांची पिशवी घेऊन दारात आला होता.

“अरे वा! फारच संस्कारी यान आहे की तुझं. पाहुणा दिसला रे दिसला की वाकून नमस्कार!”

“गप रे. नीट ठेवलं नव्हतं मी.”

तिने पुन्हा ठेवलं. टक्!

“राहू दे, राहू दे,” रेन्तारो यानाला म्हणाला, “एवढा मान नको. मी काय मुख्याध्यापक आहे?”

एरवी कोझुए हसली असती. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून रेन्तारोची थट्टा थांबली. त्याने एक संत्रं सोलून तिच्यापुढे ठेवलं आणि हळूच म्हणाला, “असं कर ना. नाकाखाली चिकटमातीची एक गोळी लाव. वर करडा रंग. कोणाला कळतंय?”

कोझुएने गोळी लावूनही पाहिली. यान उभं राहिलं. लांबून छान दिसत होतं. जवळून मात्र तिला वाटलं, कोणीतरी हिबारीला बखोट धरून उभं केलंय. तिने गोळी काढून टाकली, यान टॉवेलात गुंडाळलं आणि ती शेजारी गेली.

“आजी, हे उभं राहत नाही.” आणि मग, आवाज अगदी खाली आणून, “तुम्ही विचारलंत ना, तेव्हा मी हो म्हटलं. पण मी उभं करून पाहिलंच नव्हतं.”

“ते माहीत होतं मला.”

“माहीत होतं?”

“पायांची पिशवी तुझ्यासमोरच पडली होती, न फोडलेली. पाय पिशवीत आणि यान म्हणे पायांवर!” आजींना हसू फुटलं.

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“अगं, तू हो म्हणालीस. आता तुझ्या यानाच्या कामात तुझ्यापेक्षा मोठ्याने कशी बोलू? आज तू विचारायला आलीस, आज बोलते.” त्यांनी एक पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली. “यावर तोलून बघ. कुठे तोल साधतो?”

कोझुएने यान पेन्सिलीवर पुढे-मागे सरकवलं. ते स्थिर झालं तेव्हा पेन्सिल पोटाखालच्या पायांच्याही पुढे, नाकाजवळ आली होती.

“नाक जड आहे,” कोझुए म्हणाली. “नाक भरीव आणि शेपटीकडे नुसती पोकळी.”

“बरोबर. मग?”

 विचार करत ती घरी आली, तर अंगणात बाबा धक्क्यावरून परत येऊन गळाचं सामान धूत होते. बादलीतल्या पाण्यात गळाच्या दोरीला बांधायचा त्यांचा लाल तरंगा ताठ उभा होता. कोझुएने त्याला बोटाने आडवं पाडलं. तो उठून उभा राहिला. तिने पुन्हा पाडलं. तो पुन्हा उभा.

“बाबा, हा पडत कसा नाही?”

“खालच्या टोकाला शिसं आहे ना त्याच्या.”

“बाबा! मला शिसं द्या!”

“काय पकडायचंय, देवमासा?” बाबांनी डबी पुढे केली. “घे. पण नंतर हात साबणाने धुवायचे, तोंडात बोटं घालायची नाहीत.”

डबी घेऊन ती गॅरेजमध्ये धावली, पण दारातच थबकली. शेपूट तर बंद झालेली! आत जायची वाट एकच, मधल्या इंजिनाच्या मागे, आणि ते इंजिन तिने स्वतःच गोंदाने घट्ट बसवलेलं.

“ओढून काढू?”

“ओढलंस तर रेझिनचा लचकाही सोबत येईल,” आजी म्हणाल्या. “या गोंदाची एक खोड आहे. त्याला थंडी सोसत नाही, काचेसारखा ठिसूळ होतो.”

कोझुएने क्षणभर विचार केला आणि ती पुन्हा घरी पळाली.

दुपारी बाबांनी बर्फाचा कप्पा उघडला आणि हाक मारली, “कोझुए! कोळंबीच्या पिशवीशेजारी अवकाशयान उतरलंय. आत कोणी आहे का? जेवायला वाढू का त्यांना?”

“दार लावा, बाबा! गार होऊ द्या!”

संध्याकाळी तिने थंडगार यान आजींच्या टेबलावर ठेवलं. मधलं इंजिन चिमटीत धरलं. आजींनी दोन्ही हात स्वतःच्या कमरेमागे बांधून घेतले, कारण मदत करावीशी तर त्यांनाही वाटत होती. कोझुएने हलकेच पीळ दिला. काही नाही. दात ओठांत रुतवून पुन्हा दिला.

कट्! इंजिन तिच्या हातात आलं. रंगाचा एक टवका उडाला, बाकी सगळं शाबूत होतं.

“जिवंत आहे!” आजी ओरडल्या आणि दोघींना हसू आवरेना.

मग हातमोजे घालून कोझुए भोकातून शिशाची एकेक गोळी आत सोडू लागली. दर गोळीला उभं करून बघायचं. नाक टेकलं, आणखी एक. नाक टेकलं, आणखी एक. आता तिला घाई नव्हती. एका गोळीनंतर हिबारी डुगडुगलं, विचारात पडल्यासारखं थांबलं आणि उभं राहिलं. कोझुएने त्यात आणखी एक गोळी टाकली.

“ही कशाला?” आजींनी विचारलं.

“उद्या टेबलाला कोणाचा धक्का लागला तर?”

आजींनी खायला ओदेन, म्हणजे रश्श्यात शिजवून काडीला टोचलेले तुकडे, दोन बशांत वाढलं होतं. आपल्या बशीतली सगळ्यात मोठी काडी त्यांनी तिच्या बशीत ठेवली. मग कोझुएने गोळ्या गोंदाने आत पक्क्या केल्या, इंजिन परत बसवलं, टवक्यावर रंगाचा ठिपका दिला आणि हात दोनदा धुतले.

रविवारी सभागृहात गर्दी होती. मोठ्यांच्या टेबलावर, पांढऱ्या कापडावर, हिबारी आपल्या तीन पायांवर उभं होतं. लोक वाकून वाकून पाहत होते. गर्दीतून वाट काढत रेन्तारो आला. त्याने आधी नाकाखाली गोळी आहे का ते पाहिलं, मग चारी बाजूंनी टेकू शोधला. काहीच सापडलं नाही, तेव्हा तो तोंड वेडंवाकडं करत म्हणाला, “अरेरे! आता नमस्कार नाही का करत? सगळे संस्कार गेले म्हणायचे.”

कोझुएने आजींकडे पाहिलं. आजींनी भुवया उंचावल्या, म्हणजे यान तुझं, तूच ठरव.

कोझुएने एक बोट हिबारीच्या नाकावर ठेवलं, हळूच खाली दाबलं आणि सोडून दिलं. हिबारीने रेन्तारोला लवून नमस्कार केला, आणि आपलं आपण उठून पुन्हा ताठ उभं राहिलं.