रांजणातला सूर

बल्ब आधी पिवळा झाला, मग तांबूस.

*

टीबीच्या गोळ्यांतल्या एका गोळीनं लघवी केशरी होते. डॉक्टर हे सांगायला विसरतात. किंवा सांगतात तेव्हा बायको बाहेर बाकावर बसलेली असते.

*

माझ्या वडिलांच्या ऑर्केस्ट्रात एक जुना सिंथेसायझर होता. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी त्यातून एकच सूर निघायचा.

*

मुलीवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव नकोशी ठेवायचं. मग मुलगा होतो म्हणे. साखरबाईला झाला नाही.

*

मातीच्या रांजणात तोंड घालून बोललं तर आपलाच आवाज परका वाटतो. करून बघा.

*

आता सरळ सांगतो. १९९६ चा उन्हाळा. वरकुट्याच्या रानात पत्र्याचं एक शेड, आणि शेडपुढं जीपा, ट्रॉल्या, मोटारसायकली, नारळवाले, भेळवाले. आत नादबाबा. बाबाच्या पुढ्यात लाल फडकं बांधलेला रांजण, पाठीला पडदा. त्या रांजणातून मेलेली माणसं उत्तरं द्यायची. शब्द नसायचे, नुसता सूर. सूर वर चढला की हो, खाली उतरला की नाही.

"देह म्हंजे नुसता स्पीकर, बाबांनो!" बाबा डुलत म्हणायचा. "स्पीकर फाटला म्हणून गाणं मरतं का? आत्मा कॉस्मिक करंटवर चालतो. त्याला वायर लागत न्हाय, मीटर लागत न्हाय, बिल येत न्हाय!"

बिल येत नाही म्हटल्यावर लोक टाळ्या वाजवायचे. शेडचंही येत नव्हतं. तारेवर आकडा टाकलेला होता.

मी बुद्धघोष. मूळचा पिंपळीचा, वरकुट्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. साखरबाईची नकोशी माझ्या नववीच्या वर्गात होती. कावीळ झाली आणि गेली. वर्षभरात तिच्या बापाला, दत्तोबाला, टीबी निघाला. बारामतीच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या आणि माणूस भरू लागला. मग एकदा विहिरीवर भेटला तर गालफडं पुन्हा बसलेली. मोटारीच्या स्टार्टरपाशी पोत्यावर बसला होता.

"गोळ्या चालू आहेत ना, आबा?"

"बंद केल्या."

"का?"

"पोरगी न्हाय म्हणली."

"कुठली पोरगी?"

त्याला खोकल्याची ढास लागली. ती थांबल्यावर रुमालाकडं न बघता त्यानं घडी घातली. "आमची. नकोशी. हिनं बाबाच्या शेडात जाऊन इचारलं. म्हणली, बापाच्या लघवीतनं रगत जातंय, गोळ्या देऊ का नको? रांजणाचा आवाज खाली आला."

"ते रक्त नाही, आबा. औषधाचा रंग आहे तो. कोर्स मध्येच सोडला तर पुढं तीच गोळी लागू पडत नाही."

"ते तुमी तिला सांगा." तो जरा हसला. "जितेपणी पोरीचं एक ऐकलं न्हाय आमी. आता तरी ऐकाया नको व्हय?"

"तुम्ही स्वतः गेला होता का शेडात?"

"मी कुठला जातोय. थ्री फेज लाइट कधी येईल नेम न्हाय. मोटारीपशी बसावं लागतं."

*

मी शेडात गेलो. एक बाई रांजणाशी वाकून सासऱ्याला काहीतरी विचारत होती, आणि तो सूर आला.

तो एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नव्हता. सरपटत जात होता, रडून दमलेलं मूल बोलायला लागतं तसा. मध्येच ऊ चा आ व्हायचा, जणू कुणी तोंड उघडलं. माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी ओळख पटली.

*

नव्या कीबोर्डात सगळं भरूनच येतं. बासरी हवी, आकडा दाबा. सनई हवी, आकडा दाबा. आमच्या जुन्या सिंथेसायझरात काहीच भरलेलं नव्हतं. पट्टी दाबली की आत विजेची थरथर सुरू व्हायची, बस. एक नॉब तिचा वरचा चरचराट कापायचा, त्यानं आवाजाचं तोंड उघडायचं, मिटायचं. दुसरा तिला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत न्यायचा. तिसऱ्यानं अख्खा सूर वर-खाली व्हायचा. जयंतीच्या कार्यक्रमात दुपारी यंत्र तापून बेसूर झालं की गाणारी चिडायची. माझे वडील, कचरू, तिला म्हणायचे, "त्याला बी ऊन लागतंय की, बाई."

आज सापडलेला आवाज बटण बंद केलं की गेला. उद्या पुन्हा शोधायचा; तसाच सापडेल असं नाही. माझा त्या यंत्रावर अजून जीव आहे. एका वेळी एकच गोष्ट सांगतं, आणि सांगताना हलतं. माणूस दुःखात असला तर त्यात कुणाचाही आवाज ऐकेल.

*

मी उभा राहिलो. "बाबा, सासू आणि सासरा, दोघांना एकदम बोलवा की."

"एका टायमाला एकच आत्मा!" बाबा गरजला.

"आत्म्याचा नियम आहे, की पेटीचा?"

शेडामागं जाऊन मी वायर ओढली. रांजण गप्प. परत आलो तर गेणबा म्हातारा हात जोडून म्हणाला, "सर, लाइट गेली की आमचा पंखा बी थांबतो. म्हणून वारं खोटं हाय का?"

सगळं शेड हसलं. मी वायर पुन्हा जोडली आणि बाबाच्या पाठीमागचा पडदाच ओढला.

स्टुलावर आमच्यासारखाच एक जुना सिंथेसायझर. त्याच्या एका पट्टीवर ठेवलेला दगड. बाबाचा डावा हात शालीतून मागं, नॉबवर. यंत्रातून निघालेली वायर जमिनीखालून रांजणातल्या स्पीकरला. मी दगड काढला आणि एका बोटानं रांजणाला रडवलं, हसवलं, म्हशीसारखं रेकायला लावलं. दोन पट्ट्या दाबून एकच सूर येतो तेही दाखवलं. कुणी बाबाला शिव्या घातल्या, कुणी आपला नारळ परत घेतला. बाहेर नारळवाल्यानं भाव उतरवला.

साखरबाई मात्र पुढं आली.

"कळलं मला. मशीन हाय," ती म्हणाली. "आता तुमी वाजवा, सर. तुमच्यावर इश्वास हाय माझा. तिला इचारा, बापाला गोळ्या देऊ का?"

बाबा माझ्या कानाशी कुजबुजला, "वर न्या, सर. म्हाताऱ्याचा जीव वाचंल."

नॉब माझ्या अंगठ्याखाली होता. अर्धा वेढा, आणि दत्तोबा आज संध्याकाळीच गोळी घेणार. आणि उद्या साखरबाई दुसरा प्रश्न घेऊन येणार, माझ्याकडं.

मी पट्टीवर दगड ठेवला आणि तिचा हात नॉबवर नेला. "तुम्हीच फिरवा, मावशी. बघा कोण बोलतंय."

तिनं फिरवला. सूर चढला. चटका बसल्यासारखा तिनं हात काढला. मग पुन्हा धरून उलटा फिरवला. सूर उतरला.

"म्हंजे मीच?"

"जो फिरवेल तो."

"मग त्या दिशी कोण व्हतं?"

सगळ्यांनी बाबाकडं पाहिलं. "मीच. पण आईची आण, मी वर नेला व्हता. कुणाला औषध सोड म्हणून सांगीन का मी? पार वर फिरवला, तरी त्यो खाली खाली गेला. तवापासून मलाच भ्या वाटतंय त्याचं."

तेवढ्यात बल्ब आधी पिवळा झाला, मग तांबूस.

नॉबवर कुणाचाच हात नव्हता. पट्टीवर फक्त दगड. आणि सूर उतरू लागला, कुणी विहिरीच्या पायऱ्या उतरावं तसा. शेड उठून उभं राहिलं. पहिले हात जोडले ते बाबानं.

"थ्री फेज आली!" मी ओरडलो. "मोटारी चालू झाल्या! विहिरी आणि हे शेड एकाच डीपीवर, एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहेत. व्होल्टेज पडलं की ह्याचा सूर पडतो. बल्ब बघा, बल्ब!"

बल्बकडं कुणी बघेना. मी जे सांगत होतो ते खरं होतं, आणि ओरडून सांगितल्यामुळं बाबाच्या कॉस्मिक करंटसारखंच ऐकू येत होतं.

"दोनदा इचारलं," साखरबाई हळू म्हणाली. "दोनदा न्हाय म्हणली." तिनं पदर डोक्यावर घेतला आणि ती गेली.

*

मी त्यांच्या दारात किती चकरा मारल्या. साखरबाई पाणी द्यायची, चहा द्यायची, माझ्या हातातल्या गोळ्या घ्यायची नाही. दत्तोबानं शेवटी तिच्या नकळत पुन्हा सुरू केल्या तेव्हा त्या लागू पडेनात. तो बारामतीच्या दवाखान्यात वारला. बाबा आधीच पसार झाला होता. सिंथेसायझर शेडातच राहिला, आणि काही लोक पुढं कितीतरी दिवस त्याला हळद-कुंकू वाहत होते.

वाचणाऱ्याला मी एवढंच सांगू शकतो. औषधाचा प्रश्न डॉक्टरला विचारा. पटलं नाही तर त्याच्याशी भांडा, पुन्हा विचारा, दुसऱ्या डॉक्टरला विचारा. उत्तर चुकलं तर ज्याला जाब विचारता येतो, त्यालाच प्रश्न विचारावा. आणि चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकदा वर बघावं, बल्बचा रंग काय आहे.

*

साखरबाईनं रांजणाला गोळ्यांचं पहिल्यांदा विचारलं त्या संध्याकाळी, थ्री फेज येताच डीपीवरची पहिली मोटार दत्तोबानं चालू केली होती.