चढावरची धाप

यात्रेहून परतलेल्या माणसांना तब्येत सुधारल्यासारखी का वाटते, यावर संशोधन करणाऱ्या बाईंसमोर एक म्हातारे घड्याळजी बसले होते. त्यांना जुना दमा होता. शेजारी त्यांचा मुलगा तोंड पाडून बसला होता, कारण त्याचं न ऐकता बाबा देवाला जाऊन आले होते.

"आता कसं वाटतंय, काका?"

"झकास!"

"छाती अजून तशीच वाजतेय," मुलगा म्हणाला.

"वाजू दे. औषधं चालूच आहेत माझी."

"मग देवाने बरं केलं असं वाटतं का?" बाईंनी विचारलं.

"दम्याचा विषय त्याच्याकडे काढलाच नाही हो. त्या चढावर सगळेच धापा टाकत होते. थांबायचं, हसायचं, पुन्हा चालायचं. घरी मी नुसता उठलो तरी हा म्हणतो, बाबा, बसा. तिथे कुणी बसा म्हणालं नाही."

बाई लिहायच्या थांबल्या. मुलाने मान खाली घातली.

"मला भीती वाटते, बाबा."

"ठाऊक आहे रे."

निघताना मुलाने सवयीने त्यांचा दंड धरला आणि मग सोडला. "जिन्याने उतरायचं? सावकाश?"

"चल. दमलास तर सांग," बाबा म्हणाले.