शून्य अंशाचं अमृत

गुरुवारी माळावरच्या वठलेल्या बाभळीखाली मुंगी शिरायला जागा नव्हती. वाड्यावस्त्यांवरून तीन टेम्पो भरून आले होते, शहरातल्या सावेडीहून मोटारीही. झाडाच्या ढोलीतून एकेक थेंब गळत होता. पुदिन्यासारखा वास, जिभेवर ठेवला की घसा थंडगार.

“सुया टोचून घेऊ नका! गोळ्या गटारात टाका!” शीतलबाबा गर्जत होते. “मेलेलं झाड पाझरतंय, तिथं तुमची साखर काय चीज हाय?” बाबांच्या स्वतःच्या खिशातून मात्र खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट डोकावत होतं.

दिपाली रांगेत उभी होती. राग यायला हवा होता, पण येत नव्हता. याच थेंबांपायी तिच्या आईनं, मनकर्णाबाईंनी, इन्सुलिन सोडलं आणि दीड महिन्यापूर्वी त्या गेल्या. तेव्हापासून दिपाली आतून बधिर झाली होती. आता वडील, बन्सी, त्याच वाटेनं निघाले होते. त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या आठ दिवस तशाच पडून होत्या. म्हणून तपासायला तिनं बाटलीभर अमृत घेतलं.

ती नगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती. दुसऱ्या दिवशी तिनं वडिलांना तिथं नेलं. पुदिन्याच्या तेलातून काढलेलं मेन्थॉल, ॲसिटिक आम्ल आणि तीव्र आम्लाचे चार थेंब तिनं उकळले, निवल्यावर पाण्यानं नि सोड्यानं धुतले. वर तरंगणारा थर कुपीत काढून बन्सींच्या नाकाखाली धरला.

ते दचकले. “ह्यो तर बाबाचा वास हाय!”

“याला एस्टर म्हणतात, अण्णा. बाभूळ लागत नाही.”

“पर बाबाचं झाडातनं येतं, पोरी.”

दिपालीनं त्यांना पोलॅरिमीटरपुढं, प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या यंत्रापुढं, बसवलं. “झाड असल्या पदार्थाचे रेणू एकाच हाताचे बनवतं, सगळे डावे नाहीतर सगळे उजवे. त्यातून गेलेला प्रकाश वळतो. कारखान्यातल्या स्वस्त मालात निम्मे डावे, निम्मे उजवे, मग प्रकाश सरळ जातो.” हे तिला पाठ होतं. दोन वर्षांपूर्वी स्टोअरनं चुकून स्वस्तातलं मेन्थॉल मागवलं आणि या यंत्रावर अख्ख्या वर्गाचं वाचन शून्य आलं. वर्ग घेणाऱ्या अंजुम मॅडमनी प्रत्येकाला जे दिसलं तेच, म्हणजे शून्यच, लिहायला लावलं होतं.

बन्सींनी डोळा लावला. लेकीच्या एस्टरला चाक बरंच डावीकडं फिरवावं लागलं. मग नळीत बाबांचं अमृत भरलं. चाक शून्यावरून हलवावंच लागलं नाही.

बन्सींनी यंत्रावरचा डोळा काढला. “मंग ढोलीत काय हाय?”

पुढच्या गुरुवारी भरगर्दीत त्यांनीच शिडी लावली. सरपंच काकासाहेबांनी शिडी धरली. ढोलीतून सलाइनची बाटली निघाली, नळीसकट, थेंब कमी-जास्त करायच्या चाकासकट.

“ही पन त्याचीच लीला!” बाबा ओरडले. कुणी हसलंही नाही. माणसं खाली मान घालून टेम्पोत चढली.

घरी बन्सी म्हणाले, “तुझी आई म्हनायची, लई थंड वाटतं.”

“मेन्थॉलच्या एस्टरनं थंड वाटतंच, अण्णा. साखर उतरत नाही.”

त्यांनी पाण्याबरोबर गोळी घेतली. दिपालीला वाटलं होतं, आता तरी रडू येईल. आलं नाही. फ्रिजच्या दारात आईचं इन्सुलिन अजून तसंच होतं.

चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी ढोलीत हात घाला. आणि तोवर औषध सोडू नका. मनकर्णाबाईंच्या बाबतीत हा साधा प्रयोग दीड महिना उशिरा झाला.