दोन तासांचं पाणी

“एवढी तुडुंब विहीर कधी बघितलीत का, साहेब?” म्हातारीने कठड्यावर हात टेकून विचारलं.

विहीरमामांची नजर मात्र शेजारच्या टोमॅटोच्या वाफ्यांवर गेली. झाडांनी माना टाकल्या होत्या. नव्या सरकारी रस्त्यात जाणाऱ्या विहिरींची किंमत ठरवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती, म्हणून ऑफिसात हे नाव पडलं होतं.

“यांना पाणी कधी दिलंत, ताई?”

“आठ दिवस झाले. पिण्यापुरतं सोडलं तर थेंबभर उपसलं नाही. म्हटलं, तुम्ही याल तेव्हा विहीर भरलेली दिसू दे.”

मामांना उभ्या उभ्या थकवा आला. साठलेल्या पाण्याला कुणी विचारत नव्हतं. विहीर उपसायची, मोजायची फीत सोडायची आणि दोन तासांत झऱ्याने किती पाणी चढतं ते बघायचं. मीटरभर चढलं तर विहीर, नाहीतर कागदावर खड्डा. खड्ड्याला फक्त जुन्या खोदकामाची जुजबी भरपाई. रस्त्यापलीकडे उरलेल्या तुकड्यात म्हातारीला नवी विहीर खणायची होती, आणि ते तेवढ्यात होणारं नव्हतं.

पंप सुरू झाला तशी म्हातारीने पाइप वाफ्यात ओढला. “वाया कशाला घालवायचं?”

दुपारी विहिरीचा तळ दिसला. मग दोघं झाडाखाली बसून राहिली. दोन तासांनी मामांनी फीत सोडली. पाऊण मीटर.

“जरा थांबा की,” म्हातारी म्हणाली. “आमच्या ह्यांच्यासारखीच आहे ती. सावकाश उठायची सवय.”

मामा हसले आणि थांबले. असं त्यांनी आजवर कुणासाठी केलं नव्हतं. अर्ध्या तासाने पुन्हा फीत सोडली, तरी मीटरला चार बोटं कमीच होती. त्यांनी वही उघडली.

“काय लिहिलंत?”

‘ऑफिसातून कळेल’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आज तेवढंही खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

“खड्डा.”

म्हातारी उठली. घरात गेली आणि पेला भरून घेऊन आली.

“खड्ड्यातलं आहे. चालेल ना?”

आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच मामांना जास्त लागलं. पाणी गोड होतं. अर्धंच पिऊन त्यांनी पेला कठड्यावर ठेवला.

परत निघताना त्यांनी वळून पाहिलं. टोमॅटोची पानं ताठ होऊ लागली होती. पाइप पोचला नव्हता त्या कोपऱ्यातल्या झाडाशी म्हातारी वाकली होती आणि त्यांच्या पेल्यात उरलेलं पाणी त्याच्या मुळाशी ओतत होती.