शॉर्ट सर्किटचं आमंत्रण

चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात काही कचेऱ्यांचा हात कोणी धरणार नाही. फरीदाबादच्या एका सबस्टेशनात फॉल्ट झाला, अर्धी कारखान्यांची वसाहत अंधारात गेली, आणि खापर फुटलं इंजिनिअर श्रावस्तीने बसवलेल्या नव्या लिमिटरवर.

शॉर्ट सर्किट झालं की तारांतून करंटचा लोंढा सुटतो. तो थोपवणं हे लिमिटरचं काम. त्याच्या पोटात द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेली सुपरकंडक्टर पट्टी असते. एरवी ती करंटला जराही अडवत नाही. लोंढा आला की मात्र डोळ्याचं पातं लवायच्या आत तापून आडवी येते.

"निकालो इसे," चीफसाहेबांनी फर्मान सोडलं.

ऐन उमेदीची वर्षं या पट्टीपायी घातलेली श्रावस्ती भडकली. भडकली तरी हिशेबाने बोलणारी पोरगी.

"सर, लिमिटर ने करंट रोक लिया था. रिले सोता रहा."

खरंच होतं ते. करंटवर नजर ठेवून ब्रेकरला 'तोड' म्हणणारा हा रिले लिमिटरच्या आधीपासूनचा. बोंब मारल्याशिवाय न उठणाऱ्या माणसाची गत. लिमिटरने करंट इतका आवरला, की याला फॉल्ट कळलाच नाही. शेवटी मागच्या मोठ्या ब्रेकरने सगळ्यांचीच वीज तोडली.

साहेबांनी एक शेवटची संधी दिली. पण रिलेने किती करंटला जागं व्हायचं, ते सेटिंग यतीन सरांच्या ताब्यात. माणूस पुण्याचा, मनाचा चांगला, पण आपल्या सेटिंगला कोणी बोट लावलेलं खपायचं नाही.

"श्रावस्ती, सेटिंग खाली आणलं तर कारखान्यातली मोठी मोटर सुरू झाली तरी लाइन ट्रिप होऊन वीज जाईल. शिव्या कोण खाणार? मी!"

"मोटरचा करंट आणि आवरलेला फॉल्ट, यांच्या मधे जागा आहे, सर. तिथे ठेवा. मग आपण मुद्दाम शॉर्ट सर्किट करून दाखवू."

"यार, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

"बिल्कुल. फसलं तर लिमिटर मी स्वतः ट्रकवर चढवते."

यतीन सरांनी आलेख दोनदा पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या आणि सेटिंग बदललं.

चाचणीच्या सकाळी आधी कारखान्यातल्या मोटरी सुरू केल्या. रिले गप्प. यतीन सरांच्या जिवात जीव आला. मग त्या मोटरींची लाइन रिकामी केली, तिच्या टोकाला मुद्दाम शॉर्ट जोडला. चीफसाहेब भिंतीआड उभे राहिले. उभ्या नोकरीत त्यांनी शॉर्ट सर्किटचे बार ऐकले होते; त्यांनी डोळे मिटले आणि कानांत बोटं घातली. बाकीच्यांनीही घातली. श्रावस्तीचे हात खाली होते. भीती तिला वाटत नव्हती असं नाही, पण पट्टीवरचा विश्वास भीतीहून मोठा होता. तिने इशारा केला.

ब्रेकर खट्ट वाजला. बस, तेवढंच. शेजारच्या लाइनवरचे कारखाने धडधडत राहिले.

साहेब अजून डोळे मिटूनच होते. थोडा वेळ गेला तसे ते वैतागले.

"अरे, करो भी!" ते ओरडले.

श्रावस्ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी डोळे उघडेपर्यंत ती थांबली.

"हो गया, सर."

त्यांनी बोटं काढली, कारखान्यांकडे पाहिलं, यतीन सरांकडे पाहिलं.

"रहने दो इसे यहीं," ते म्हणाले. मग जरा ओशाळून, "एक बार और दिखाओगी?"

"पट्टी ठंडी हो जाए, फिर दिखाती हूँ. इस बार कान खुले रखिए."